खुडूक

त्या वर्षी उन्हाळा तापायच्या आधीच गल्लीतल्या कोंबड्या गेल्या. काल उकिरड्यावर भांडणारी कोंबडी आज मान वाकडी करून भिंतीशी बसायची, हिरवट हगायची आणि दिवस मावळायच्या आत पाय ताणून पडायची. ज्याला जे सुचलं ते त्याने चारून, पाजून पाहिलं. शेवटी खड्डे खणले, वर चुना टाकला आणि रिकाम्या खुराड्यांची दारं उघडीच ठेवून लोक आपापल्या कामाला लागले. आरवायला कोणी उरलं नाही. सकाळ झाली हे कळायला नुसता उजेड उरला.

गल्लीच्या टोकाच्या घरात ड्रायव्हर राहायचा. म्हणजे लोक अजून त्याला ड्रायव्हर म्हणायचे. त्याच्या हातातलं स्टिअरिंग सुटून बरेच महिने झाले होते. बांधावरून ट्रॅक्टर कलंडला आणि त्याची डावी मांडी खाली सापडली. आत सळई घालून डॉक्टरांनी हाड जुळवलं, पण पाय बोटभर आखूड राहिला तो राहिलाच. मालक पहिल्यांदा दवाखान्यात फळं घेऊन आला होता. दुसऱ्यांदा आला तेव्हा हात हलवत आला. तोवर त्याने ट्रॅक्टरवर दुसरा पोरगा बसवला होता. "आधी बरा हो, मग बघू," एवढंच म्हणाला, आणि ते बघायचं राहूनच गेलं.

घर आता बायकोवर चालत होतं. ती सकाळी डबा घेऊन कांद्याच्या गोदामात निवडायला जायची आणि संध्याकाळी परत यायची, ती केसांच्या मुळापर्यंत कांद्याचा वास घेऊनच. घरात मागे राहायचे दोघे, ड्रायव्हर आणि त्याचे वडील. त्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणायची. आप्पा गवंडी. या गल्लीतल्या निम्म्या भिंती त्यांच्या हातच्या, आणि एकाही भिंतीला पोट आलेलं नाही. पण गेल्या वर्षापासून त्यांच्या डोक्यातून गोष्टी गळायला लागल्या होत्या. चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधायचे. जेवण झालं की थोड्या वेळाने विचारायचे, "आज जेवायचं नाही का?" तरी सकाळचा चहा मात्र तेच करायचे. सगळ्यांच्या आधी उठून गॅस पेटवायचे, सुनेच्या उशाशी कप ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "ऊठ बाई, निवतोय." त्यात कधी चूक नव्हती.

रिकाम्या बसण्याने माणूस सडतो, म्हणून असेल, किंवा बायकोच्या डब्याकडे बघायची लाज वाटायला लागली म्हणून असेल, ड्रायव्हरने अंडी उबवायचं मशीन केलं. मोबाईलवर बघून बघून केलं. लशी येतात तो थर्मोकोलचा जाड खोका, झाकणात बसवलेली काच, आत दोन बल्ब, जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा, पाण्याची ताटली आणि तापमान राखणारी एक डबी, जिच्यावर तांबडा आकडा दिसायचा. गरमी वाढली की डबी टक्‌ करून बल्ब बंद करायची, कमी झाली की टक्‌ करून चालू. फक्त ती टक्‌ कधीकधी व्हायची नाही. आत काहीतरी चिकटायचं आणि बल्ब जळतच राहायचे. तेव्हा डबीला नखाने टिचकी मारावी लागायची. हे एक सोडलं तर मशीन नामी होतं.

पहिल्या खेपेला थोडीशीच अंडी ठेवली आणि त्यातून पाच-सहा पिल्लं निघाली. सगळी गल्ली बघायला लोटली. मग बायकांनी उचल खाल्ली. डोंगरापलीकडच्या वस्तीवर रोग पोहोचला नव्हता. तिथे चांगल्या कोंबड्या होत्या, अंड्यांना जीव होता. गल्लीतली शिवणकाम करणारी काकू स्वतः तिकडे गेली. बसच्या हिसक्यांनी अंडी आतल्या आत फुटतात म्हणून डब्यात भुसा भरून, त्यात अंडी खोचून, डबा डोक्यावर घेऊन ती चालत परत आली. नवरा जाऊन वर्षं झाली तरी तिने कधी कोणापुढे हात पसरला नव्हता. डबा ड्रायव्हरच्या पुढ्यात ठेवून ती म्हणाली, "हे घे. माझी आहेत, गल्लीतल्या आणखी दोन घरांचीही आहेत. आता तू जाण आणि तुझं मशीन जाणे."

ड्रायव्हरने अंड्यांवर पेन्सिलने खुणा केल्या. काकूच्या अंड्यांवर फुली, एका घराला गोल, एका घराला टिंब.

आणि तो बसला. खोलीवर पत्रा होता, खाली बल्ब, मध्ये हा. आखूड पाय लांब करून पाटावर बसायचा, सकाळ-दुपार-संध्याकाळ अंडी फिरवायचा, ताटलीत पाणी घालायचा, आकडा बघायचा, टिचकी मारायचा. परसाकडला गेला तरी अर्ध्यात उठल्यासारखा लगबगीने परत यायचा. अंगाला घामोळं उठलं. उजेडात धरून अंडी बघताना मात्र तो सगळं विसरायचा. कवचाच्या आत तांबड्या शिरांचं कोळ्याचं जाळं, आणि मध्ये एक काळा ठिपका, हलणारा.

एक दिवस पीठ आणायला गिरणीवर गेला, तर गिरणीवाल्याने त्याला बाकावरच्या चार माणसांत विचारलं, "काय रे, हल्ली दिसत नाहीस?"

"अंडी ठेवलीत. उठता येत नाही फार वेळ."

गिरणीवाल्याच्या भुवयांवर पीठ होतं. त्या भुवया वर गेल्या. "कोंबड्या मेल्या म्हणून तूच बसलास होय अंड्यांवर? अरे, हा तर खुडूक झाला!"

बाकावरचे पोट धरून हसले. ड्रायव्हरही हसला, कारण दुसरं काय करणार. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी जागची हलत नाही, कोणी जवळ गेलं की पिसं फुलवते. तो रस्त्याने लंगडत निघाला की मागून कोणीतरी घशातल्या घशात "कुडूक, कुडूक" करायचं. गोदामात बायकोच्या कानावरही ते गेलं. त्या रात्री तिने त्याला भाकरी वाढली ती त्याच्याकडे न बघता. त्याच्या जिव्हारी लागलं ते ते न बघणं.

तीन आठवडे सरत आले. त्या दिवशी सकाळी खोक्यातून आवाज यायला लागला. बारीक, टोकदार, कवचाच्या आतून. काकूला निरोप गेला तशी ती गळ्यात टेप तशीच लटकत ठेवून आली. काचेला कान लावला. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला.

"बोलतायत रे," ती म्हणाली. "आतून बोलतायत."

"आता खोका उघडायचा नाही. उद्यापर्यंत फोडतील बाहेर."

"बघ हं, नीट बघ."

जाताना तिने आप्पांना बरोबर नेलं. तिच्या दाराची पायरी डगमगत होती आणि आप्पांनी ती बसवून द्यायचं कबूल केलं होतं. आप्पांनी थापी घेतली, ओळंबा घेतला, आणि पोरगं शाळेला निघावं तसे खुशीत निघाले.

उन्हं तापली तेव्हा दाराशी मोटारसायकल थांबली. ट्रॅक्टरवरचा तो नवा पोरगा होता. घामाने भिजलेला, तोंड उतरलेलं.

"दादा, मालकांनी बोलावलंय. ट्रॉली भरलेली आहे आणि ट्रॅक्टर ओढ्याच्या वाळूत बसलाय. जितका रेटतोय तितका खाली जातोय."

ड्रायव्हरने आकड्याकडे बघितलं. बरोबर होता. टक्‌ झालं, बल्ब विझले. टक्‌ झालं, लागले. अर्धा तास, त्याने मनाशी म्हटलं. आणि शर्ट चढवून तो मागे बसला.

काकूच्या घरावरून जाताना त्याला आप्पा दिसले. उकिडवे बसून सिमेंट कालवत होते. काकू वरून पाणी घालत होती. सांगावं, त्याच्या मनात आलं, आप्पा, जरा घरी जाऊन बसा. पण या पोरापुढे गाडी थांबवून अंड्यांची गोष्ट काढायची? होईल काय एवढ्यात. गाडी पुढे गेली. काकूने मान वर करून बघितलं तेवढं.

ओढ्यात गेल्यावर तो वेगळाच माणूस झाला. आधी ट्रॉली सोडवायला लावली. चाकांपुढची वाळू हाताने उकरली, दगड भरवले, पोराला बाजूला सारून वर चढला. क्लच डाव्या पायाचा. दाबल्याबरोबर मांडीतली सळई डोक्यापर्यंत ठणकली. त्याने चेहरा हलू दिला नाही. खालचा गिअर, अंगठ्याने दाबावा इतकाच ॲक्सिलरेटर. इंजिन गुरगुरलं, चाकं दगडांवर चढली, घसरली, पुन्हा चढली, आणि अख्खं धूड वाळूतून म्हशीसारखं उठलं.

"हात गेलेला नाही तुझा," मालक म्हणाला.

या चार शब्दांसाठी तो किती महिने थांबला होता! मालक म्हणाला, आता तूच घेऊन चल घरी. भरली ट्रॉली पुन्हा जोडली आणि तो निघाला, गावातून, मुद्दाम गिरणीवरून. गिरणीवाला बाहेर आला. "आयला! खुडूक उठला!" असं ओरडला. सगळे हसले. या वेळी ड्रायव्हर खरोखर हसला, वरून, उंचावरून. मग मालकाच्या ओट्यावर चहा झाला. पुढच्या हंगामाचं बोलणं निघालं. उठावंसं वाटेना. उठला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या.

घरात शिरला आणि त्याला आधी जाणवली ती शांतता. पंखा फिरत होता. बल्ब जळत होते. बाकी काही नाही. तांबडा आकडा त्याने त्या डबीवर कधीच बघितला नव्हता इतका वर गेला होता. त्याने टिचकी मारली. टक्‌. बल्ब विझले. एवढ्याशा टिचकीने विझले.

झाकण उघडलं तर तोंडावर वाफ आली आणि भट्टीजवळ यावा तसा वास. काही कवचांना टवका उडाला होता, आणि त्या टवक्यातून चोचीचं टोक बाहेर आलेलं होतं, तसंच. त्याने एक अंडं हातात घेतलं. चटका बसला. फुली होती त्यावर. त्याने कानाशी धरलं, मग दुसरं धरलं, मग तिसरं.

बायको गोदामातून आली ती थेट खोलीत आली. तिला सकाळीच कळलं होतं, आतून आवाज येतोय म्हणून. "निघाली का?" म्हणाली आणि खोक्यात बघून दारातच थांबली.

"काय झालं हे? तुम्ही कुठे होतात?"

मग तिने नजर काढून घेतली, त्या रात्री भाकरी वाढताना घेतली होती तशीच. त्याने ठरवून काही केलं नाही. तोंडातून निघून गेलं.

"मालकांनी बोलावलं होतं. आप्पांना बसवून गेलो होतो."

तेवढ्यात आप्पा आले. कोपरापर्यंत सिमेंट वाळलेलं, चेहऱ्यावर काम झाल्याचं समाधान. मागे काकू, पिल्लं बघायला.

बायको वळली. "आप्पा, तुम्हाला इथे बसायला सांगितलं होतं ना? सोडून कुठे गेलात?"

"मी?" आप्पा म्हणाले. "मी पायरी… यांची पायरी…"

त्यांनी मुलाकडे बघितलं. आता बोलायचं होतं. एक वाक्य. पण मागे काकू उभी होती, पुढे बायको, मध्ये ती अंडी, आणि ड्रायव्हर म्हणाला, "सांगितलं नव्हतं का आप्पा, आकडा बघत बसा म्हणून?"

आप्पांचे ओठ हलले. ते आठवत होते. डोक्यात कुठेतरी हात घालून चाचपडत होते, आणि हाताला काही लागत नव्हतं. मग त्यांचे खांदे पडले.

"सांगितलं असशील बाबा," ते म्हणाले. "माझ्या लक्षात राहत नाही हल्ली."

काकूने ड्रायव्हरकडे बघितलं. त्याने जमिनीकडे बघितलं. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आप्पा स्वच्छ सदरा घालून बाहेर पडले. ज्या ज्या घरची अंडी होती त्या त्या घरच्या दारात जाऊन त्यांनी हात जोडले. "माझ्या हातून नुकसान झालं," म्हणाले. "पोरगा सांगून गेला होता, मीच विसरलो." लोक चांगले, कोणी वाकडं बोललं नाही. "असू दे आप्पा, वय झालं," म्हणाले. ज्या भिंती त्यांनी बांधल्या त्याच भिंतींना टेकून म्हणाले. दुपारी आप्पा विसरले की आपण जाऊन आलोय. संध्याकाळी पुन्हा गेले. पुन्हा हात जोडले. ड्रायव्हर खिडकीतून बघत होता. त्याला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

घरात तर फारच झालं. बायकोने काडेपेटी उचलून वरच्या फळीवर ठेवली. "आज अंडी भाजली, उद्या घर भाजतील," असं म्हणाली, आणि आप्पांना ऐकू जाईल असं म्हणाली. सकाळचा चहा आता ती करायची. आप्पा सवयीने सगळ्यांच्या आधी उठायचे, गॅसच्या ओट्याजवळ जायचे, काडेपेटी चाचपायचे, आणि मग काहीतरी आठवल्यासारखे परत येऊन अंथरुणावर बसायचे. एकदा थापी घेऊन बाहेर निघाले तर ती तिने हातातून काढून घेतली. "नको आप्पा, कुठे जाल आणि काय कराल." ते आपला रिकामा हात बघत राहिले.

सांगावं, असं ड्रायव्हरला रोज वाटायचं. सकाळी वाटायचं की संध्याकाळी सांगू, संध्याकाळी वाटायचं ती दमून आलीय. जीभ रेटत नव्हती. मालकाचं बोलावणंही पुन्हा आलं नाही. ट्रॅक्टरवर तो पोरगाच होता. गिरणीवर बाकावर जागा झाली होती, पण तिथेही ऐकावं लागलं. "म्हाताऱ्याला बांधून ठेव रे," गिरणीवाला म्हणाला. "चांगलं चाललं होतं तुझं, पार वाटोळं केलं." ड्रायव्हरने पीठ उचललं आणि मान खाली घालून घरी आला. खुडूक म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटी काकूनेच निरोप धाडला, उसवलेला शर्ट शिवून झालाय, घेऊन जा. तो टाळत होता, पण जावं लागलं. दारात नवी पायरी होती, घट्ट, पातळीत बसवलेली. तिच्यावर पाय न देता तो ओलांडून आत गेला. काकू मशीनवर बसली होती. तिने शर्टाची घडी केली आणि दिली नाही, मांडीवरच ठेवली.

"तू मोटारसायकलवर मागे बसून गेलास. ते माझ्या अंगणात सिमेंट कालवत होते."

"काकू…"

"मी त्याच दिवशी बोलणार होते. पण त्यांनी स्वतःच कबूल केलं. मग मी कोणाला खोटं पाडू? बापाला की लेकाला?" तिने दोरा दाताने तोडला. "मला वाटलं दोन दिवसांत बोलशील. माझी अंडी गेली, जाऊ देत. पुन्हा आणीन. काल ते तिसऱ्यांदा आले माझ्या दारात, हात जोडायला. या पायरीवर उभे राहून. मला ते बघवत नाही रे."

तिने शर्ट पुढे केला. त्याने घेतला.

त्या संध्याकाळी बायको पाय धुऊन आत आली आणि त्याने सांगून टाकलं. उभ्या उभ्या, एका दमात, ओढा, चहा, ओटा, सगळं. ती ऐकत राहिली. तिच्या हातात टॉवेल होता. ती ओरडेल असं त्याला वाटलं. ओरडली असती तर तो सुटला असता.

"मी त्यांना काय काय बोलले," ती म्हणाली. "देवासारखा माणूस. मी त्यांच्या हातातून थापी ओढून घेतली." मग टॉवेलात तोंड खुपसून म्हणाली, "तुम्ही माझ्याकडून करवून घेतलंत ते."

त्याने खाली बघितलं.

"आत्ता जा आणि त्यांना सांगा," ती म्हणाली. "आत्ता."

आप्पा मागच्या दारात बसले होते. ड्रायव्हर त्यांच्या शेजारी खाली बसला, पाय लांब करून.

"आप्पा, त्या दिवशी मी तुम्हाला बसायला सांगितलंच नव्हतं. मी खोटं बोललो. चूक माझी आहे."

आप्पा त्याच्याकडे बघून हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "असू दे रे."

"असू दे नाही. नीट ऐका. मी न सांगता गेलो. तुम्ही काकूंच्या पायरीचं काम करत होतात."

"बाळ," आप्पा म्हणाले आणि त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, "म्हातारा झालो म्हणून एवढंही कळत नाही का मला? लोक मला बोलतात ते तुला बघवत नाही. म्हणून अंगावर घेतोयस. नको घेऊस. तू त्या दाराशी उभा होतास. शर्टाची बटणं लावत होतास. म्हणालास, आप्पा, आकडा बघा, वर गेला तर टिचकी मारा. मला चांगलं आठवतंय."

गेल्या वर्षभरात आप्पांना इतकं स्पष्ट काहीच आठवलं नव्हतं.

"तसं झालं नाही आप्पा," तो म्हणाला. आप्पांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं, आखूड पायाच्या, हळूहळू, ताप आलेल्या पोराला थोपटावं तसं.

सकाळी तो दळणाची पिशवी घेऊन गिरणीवर गेला. बाकावरच्या चार माणसांत सांगायचं ठरवून गेला. पण आप्पा त्याच्याआधी तिथून जाऊन आले होते.

"ये, ये," गिरणीवाला म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती. "आप्पा सांगत होते. बापाची चूक स्वतःवर घेतोस म्हणून. आजकाल कोण करतं असं?"

"घेत नाहीये. माझीच आहे. मी मालकांकडे चहा पीत बसलो होतो, तुम्ही स्वतः बघितलंत मला ट्रॅक्टरवर!"

"हो हो, बघितलं," गिरणीवाला बाकावरच्यांकडे बघत म्हणाला. "तू म्हणशील तसं." एकाने सरकून त्याला जागा करून दिली. दुसऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. ड्रायव्हर ओरडून सांगायला लागला तसे ते आणखी समजूतदार झाले. शेवटी त्याने पिशवी तिथेच टाकली आणि तो चालायला लागला. मागून कोणी "कुडूक" केलं नाही.

काही दिवसांनी काकू पुन्हा डोंगरापलीकडे जाऊन आली. भुशाचा डबा घेऊन घरात आली, पण ड्रायव्हरपुढे ठेवला नाही. आप्पांपुढे ठेवला.

"आप्पा, तुम्ही लक्ष ठेवणार असाल तर ठेवते. नाहीतर परत नेते."

"मी?" आप्पा दचकले. "नको बाई. माझ्या हातून एकदा…"

"तुमच्या हातून काही झालेलं नाही," सून म्हणाली. तिने हे त्यांना रोज सांगायला घेतलं होतं. ते रोज मान डोलवायचे आणि विसरायचे.

काकू हटली नाही. शेवटी आप्पांनी होकार दिला. ड्रायव्हरने नवी डबी बसवली, न चिकटणारी. तसं आप्पांना सांगितलं. तरी आप्पा खोक्यासमोर बसले ते बसलेच. आकड्यावरची नजर काढायचे नाहीत. पाणी प्यायला उठायचे नाहीत. पाटावर बसून त्यांचे गुडघे आखडायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, पत्र्याखाली सदरा अंगाला चिकटायचा.

"आप्पा, उठा आता. मी बसतो," ड्रायव्हर म्हणायचा.

"नको, नको. तू जा. तुला काम असेल."

त्याला काम नव्हतं. तो तिथेच मागे भिंतीला टेकून बसायचा आणि बापाची पाठ बघत राहायचा. अंडी फिरवायची वेळ झाली की पुढे होऊन फिरवायचा. आप्पा हात आखडून घ्यायचे.

दिवस भरले तेव्हाची गोष्ट. ड्रायव्हर हौदावर पाणी भरत होता. आतून आप्पांची हाक आली, अशी की त्याच्या हातातली बादली सुटली. लंगडत, धडपडत तो आत आला. बायकोला त्या दिवशी सुट्टी होती, तीही धावत आली.

आप्पा उठून उभे राहिले होते. पाठ भिंतीला लावलेली. दोन्ही हात मागे, एकमेकांत घट्ट धरलेले. चेहरा पांढरा पडलेला.

"फुटलं," ते म्हणाले. "बघ रे, एक अंडं फुटलं. मी हात लावला नाही. शपथेवर सांगतो, मी नुसता बघत होतो."

काचेखाली एका अंड्याला गोल चीर गेली होती. चीर रुंदावली, कवचाची टोपी सरकली, आणि ओलं, डोळे मिटलेलं काहीतरी मान टाकून बाहेर लोळलं. आतल्या आत चिवचिव सुरू झाली.

"हो आप्पा," ड्रायव्हर म्हणाला. "ते फुटायलाच पाहिजे. तुम्ही हात लावला नाही."

"तू बघितलंस ना? तिला सांगशील ना, मी लावला नव्हता म्हणून?"

बायको तिथेच उभी होती. तिने पदर तोंडावर धरला.

"सांगतो," तो म्हणाला.

शेजारच्या अंड्यावर बारीक टवका उडाला.

"हे बघ, आणखी एक," आप्पा म्हणाले, आणि हात मागे तसेच ठेवून भिंतीच्या कडेकडेने दाराकडे सरकले.